इंटरनेट रेडिओ की उपग्रह रेडिओची वर्गणी? अमेरिकेत नव्याने आलेल्या श्रोत्यांसाठी मार्गदर्शन

अमेरिकेत नवी किंवा चांगल्या अवस्थेतली वापरलेली गाडी घेतली, की डॅशबोर्डवरच्या पडद्यावर एएम आणि एफएमच्या शेजारी ‘एसएक्सएम’ (म्हणजे सिरियसएक्सएम कंपनीचा उपग्रह रेडिओ) असे तिसरे बटण बहुधा असतेच, आणि ते दाबले की जाहिरातींचा अडथळा न येता गाणी सुरू होतात. ही सोय गाडीबरोबरच मिळाली आहे असा समज दोन-तीन महिने टिकतो. मग पत्रे येऊ लागतात, सवलतीच्या दराचे फोन येतात, आणि ही वर्गणी भरावी की मोबाइलवरच्या इंटरनेट रेडिओवर भागवावे, हा प्रश्न समोर उभा राहतो. या प्रश्नाचा निकाल कसा लावावा, याची क्रमवार मांडणी पुढे केली आहे. मत आधीच सांगितलेले बरे: नव्याने आलेल्या बहुतेकांना उपग्रह रेडिओची गरज पडत नाही, पण ज्यांना पडते त्यांना त्यावाचून दुसरा चांगला मार्ग नसतो. आपण यांपैकी कोणत्या गटात मोडतो, हे वाहिन्यांच्या संख्येपेक्षा आपण कुठे असताना ऐकतो यावरून अधिक नेमके ठरते.

दोन्ही सेवा चालतात कशा

१९९७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने २.३ गिगाहर्ट्झच्या आसपासचा लहरींचा पट्टा लिलाव करून दोन कंपन्यांना उपग्रह रेडिओसाठी दिला. त्यांपैकी एक्सएमचे प्रसारण सप्टेंबर २००१ मध्ये आणि सिरियसचे २००२ मध्ये सुरू झाले. जुलै २००८ मध्ये दोन्ही कंपन्यांचे विलीनीकरण होऊन सिरियसएक्सएम ही एकच कंपनी उरली. म्हणजे आज उपग्रह रेडिओची वर्गणी भरायची तर ती याच कंपनीकडे, आणि दर पटला नाही तर दुसरीकडे जाण्याची सोय नाही. कार्यक्रम जमिनीवरून उपग्रहाकडे पाठवला जातो. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असलेला उपग्रह तो मोठ्या भूप्रदेशावर एकाच वेळी परत पाठवतो, आणि गाडीच्या टपावरचा लहानसा अँटेना तो पकडतो. उंच इमारतींच्या आडोशाने आवाज तुटू नये म्हणून मोठ्या शहरांत जमिनीवरही पुनःप्रक्षेपक बसवलेले आहेत. हा व्यवहार एकतर्फी असतो. ऐकणारे शंभर असोत की काही कोटी, उपग्रहाला त्याचे सोयरसुतक नसते, आणि श्रोत्याच्या मोबाइलचा एकही बाइट खर्च होत नाही.

इंटरनेट रेडिओत प्रत्येक श्रोत्यासाठी स्वतंत्र प्रवाह सर्व्हरकडून निघतो आणि मोबाइलच्या टॉवरमार्गे किंवा घरच्या वायफायवरून तुमच्यापर्यंत येतो. जिथे नेटवर्क आहे तिथे जगातले हजारो रेडिओ हाताशी असतात. जिथे नेटवर्क नाही तिथे एकही नाही. दोहोंमधला निर्णायक फरक हा एवढाच आहे.

यात एक तिसरा प्रकारही मिसळला आहे. २०१८ नंतर आलेल्या अनेक गाड्यांत ‘३६०एल’ नावाची यंत्रणा असते, जी उपग्रह आणि गाडीतले मोबाइल नेटवर्क या दोन्हींचा वापर करते. शिवाय कंपनीचे स्वतःचे ॲपही आहे आणि केवळ त्या ॲपपुरती वेगळी, स्वस्त वर्गणी मिळते. तो वस्तुतः पैसे देऊन ऐकायचा इंटरनेट रेडिओच होय. उपग्रह रेडिओ घेतला अशा समजुतीने केवळ ॲपची वर्गणी भरणारे आणि मग माळरानावर ते का वाजत नाही म्हणून चकित होणारे लोक आहेत. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी आपण नेमके काय घेत आहोत ते वाचावे.

पहिली पायरी: आपल्या ऐकण्याची नोंद करा

एक नेहमीचा आठवडा निवडा आणि रेडिओ किंवा गाणी ऐकली की ठिकाण, वेळ आणि विषय एवढेच टिपून ठेवा: घरात, कार्यालयात, ट्रेनमध्ये, शहरातल्या गाडीत, शहराबाहेरच्या गाडीत. आठवड्याच्या शेवटी शेवटच्या, म्हणजे शहराबाहेरच्या गाडीच्या, रकान्यात किती तास आले ते पाहा. बॉस्टन, न्यू जर्सी किंवा शिकागोच्या उपनगरात राहून रोज अर्धा तास गाडी चालवणाऱ्याच्या नोंदीत तो रकाना जवळजवळ रिकामा निघेल. ट्रकचालक, दूरदूरच्या कारखान्यांना भेटी देणारे अभियंते, लहान गावांतल्या रुग्णालयांत आळीपाळीने काम करणारे डॉक्टर यांच्या नोंदीत मात्र तोच रकाना सर्वांत भरलेला असेल. घरातल्या आणि कार्यालयातल्या तासांसाठी उपग्रह रेडिओची वर्गणी भरण्यात मला काही अर्थ दिसत नाही. घरात त्याच्या अँटेनाला आकाश दिसणारी, शक्यतो दक्षिणेकडची खिडकी लागते, आणि वायफाय तर तिथे असतेच.

दुसरी पायरी: रस्ता तपासा

ज्यांच्या शेवटच्या रकान्यात तास भरपूर आहेत त्यांनी आता आपला नेहमीचा रस्ता तपासावा. मोबाइल कंपन्यांच्या नकाशांवर विसंबून चालत नाही, कारण नकाशात रंगवलेल्या भागातही दरीत उतरल्यावर नेटवर्क जाते. त्यापेक्षा सोपा उपाय असा: शेजारी दुसरे कोणी बसलेले असताना त्या रस्त्यावर इंटरनेट रेडिओ सलग लावून ठेवा आणि आवाज कुठे तुटतो, किती वेळ तुटलेला राहतो, हे त्या व्यक्तीला मैलाच्या खांबांवरून लिहून घ्यायला सांगा. वीस-तीस सेकंदांचा खंड असेल तर तो ॲपच्या साठवणीत, म्हणजे बफरमध्ये, बहुधा झाकला जातो. पंधरा-वीस मिनिटांचा खंड असेल आणि तो रोजच्या वाटेवर असेल, तर उपग्रहाच्या बाजूने खरा मुद्दा तयार होतो.

अमेरिकेत असे भाग थोडे नाहीत. नेवाडातून जाणारा यूएस ५० हा महामार्ग ‘अमेरिकेतला सर्वांत एकाकी रस्ता’ म्हणून प्रसिद्ध आहे. वायोमिंग, मोंटाना आणि पश्चिम टेक्सासमध्येही दोन गावांच्या मध्ये तासतासभर टॉवर दिसत नाही. सर्वांत मजेदार उदाहरण व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या सीमेवरचे आहे. तिथे ग्रीन बँकच्या रेडिओ दुर्बिणीला त्रास होऊ नये म्हणून १९५८ पासून सुमारे १३,००० चौरस मैलांचा ‘राष्ट्रीय रेडिओ शांतता विभाग’ आखलेला आहे आणि त्यात टॉवर उभारण्यावर निर्बंध आहेत. दुर्बिणीच्या जवळच्या डोंगरांत मोबाइल मुका होतो. वरून येणारे उपग्रहाचे प्रसारण मात्र डोक्यावर आकाश मोकळे असले की ऐकू येते.

उपग्रहाच्या मर्यादाही याच वेळी तपासाव्यात. बोगदा, तळघरातले पार्किंग, दाट झाडी आणि उंच कडे यांपुढे तो हतबल असतो. भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून पाहता एकाच जागी दिसणारे, उपग्रह दक्षिणेच्या आकाशात असल्यामुळे जितके उत्तरेकडे जावे तितके ते क्षितिजाच्या जवळ येतात, आणि मेन किंवा वॉशिंग्टन राज्यात दक्षिणेकडचा एखादा डोंगरही आवाज अडवू शकतो. हवाईत ही उपग्रह सेवा मिळत नाही आणि अलास्कात तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. तिथे स्थायिक होणाऱ्यांचा प्रश्न या पायरीवरच मिटला.

तिसरी पायरी: डेटाचा हिशेब

‘रेडिओने डेटा संपतो’ ही भीती व्हिडिओच्या सवयीतून आलेली आहे. १२८ केबीपीएसचा (म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट वेगाचा) प्रवाह तासाला सुमारे ५८ एमबी घेतो, ६४ केबीपीएसचा सुमारे २९ एमबी आणि ३२० केबीपीएसचा सुमारे १४४ एमबी. रोज एक तास याप्रमाणे महिन्याचे बावीस दिवस १२८ केबीपीएसवर ऐकले तरी सव्वा जीबीच्या आसपासच खर्च होतो. अडचण वेगळ्याच ठिकाणी येते: ‘अमर्याद’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही प्लॅनमध्ये ठरावीक वापरानंतर वेग कमी केला जातो. तो १२८ केबीपीएसपर्यंत खाली आला तर त्याच दराचा प्रवाह अडखळू लागतो, ६४ केबीपीएसचा एएसी (आवाज दाबून पाठवण्याची एक पद्धत) प्रवाह मात्र सुरळीत चालतो. म्हणून ॲपच्या सेटिंगमध्ये मोबाइल डेटासाठी कमी दर आणि वायफायसाठी जास्त दर असा पर्याय असल्यास तो पहिल्याच दिवशी निवडून ठेवावा.

आवाजाच्या दर्जाबद्दल फार बोलण्यासारखे नाही. उपग्रहाच्या मर्यादित पट्ट्यात शेकडो वाहिन्या बसवायच्या म्हणून प्रत्येक वाहिनीचा आवाज बराच दाबलेला असतो. चांगला इंटरनेट प्रवाह कानाला त्याहून सरस वाटतो. धावत्या गाडीच्या घरघरीत हा फरक बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

चौथी पायरी: ऐकायचे काय, ते ठरवा

मराठी ऐकायचे असेल तर निर्णय जवळजवळ झालाच. उपग्रहाच्या वाहिन्यांच्या यादीत मराठी वाहिनी शोधून सापडणार नाही. याउलट आकाशवाणीची महाराष्ट्रातली केंद्रे आणि विविध भारती प्रसार भारतीच्या ‘न्यूज ऑन एअर’ या ॲपवरून थेट ऐकता येतात. त्यात वेळेचे गणित मात्र समजून घ्यावे लागते. पुण्यात सकाळचे ७ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे ९:३० आणि हिवाळ्यात ८:३० वाजलेले असतात, तर सॅन फ्रान्सिस्कोत अनुक्रमे संध्याकाळचे ६:३० आणि ५:३०. म्हणजे कॅलिफोर्नियात नोकरी करणाऱ्याला कार्यालयातून घरी परतताना पुणे किंवा कोल्हापूर केंद्राची सकाळची सभा आयतीच मिळते. पूर्व किनाऱ्यावरच्या माणसाला ती जेवणानंतर मिळते. वाहिन्यांच्या कोणत्याही मोठ्या यादीपेक्षा हा योग मला अधिक मोलाचा वाटतो.

अमेरिकी खेळांची गोडी लागली असेल तर पारडे दुसरीकडे झुकते. व्यावसायिक लीगचे रेडिओ हक्क वेगवेगळे विकले जातात, आणि म्हणून एखाद्या स्थानिक केंद्राच्या एफएमवर सामन्याचे समालोचन चालू असताना त्याच केंद्राच्या इंटरनेट प्रवाहावर अनेकदा भलताच कार्यक्रम लावलेला असतो. एनएफएल (अमेरिकी फुटबॉलची लीग) आणि मेजर लीग बेसबॉलचे सामने उपग्रह रेडिओवर मिळतात, मात्र पॅकेजनुसार त्यात फरक असतो. दुसऱ्या शहरातला संघ आपला मानलेल्या माणसाला ही वर्गणी पटते. केवळ त्याच कंपनीकडे असलेले काही वक्तेही आहेत. हॉवर्ड स्टर्न यांनी जानेवारी २००६ मध्ये साधा रेडिओ सोडून तिथे कार्यक्रम सुरू केला, तेव्हा त्यांचे कितीतरी श्रोते पाठोपाठ गेले. नुकत्याच आलेल्या माणसाला हे नाव ओळखीचे नसेल, तर त्याच्यासाठी पैसे मोजण्याचेही कारण नाही.

इंटरनेट रेडिओ सर्वकाळ आणि सर्वत्र खुला असतो, असेही मानू नये. हक्कांच्या आणि खर्चाच्या कारणाने देशांच्या सीमा तिथेही लागू होतात. बीबीसीने २१ जुलै २०२५ पासून ‘बीबीसी साउंड्स’ ॲप ब्रिटनबाहेरच्या श्रोत्यांसाठी बंद केले, हे त्याचे ठळक उदाहरण. एखादे केंद्र तुमच्या दृष्टीने अत्यावश्यक असेल तर ते अमेरिकेतून खरोखर लागते का, हे आधी ऐकून पाहावे.

पाचवी पायरी: चाचणीचा काळ पुरेपूर वापरा, पण कार्ड देऊ नका

गाडीबरोबर येणारा विनामूल्य काळ ही उपग्रह रेडिओ पारखण्याची उत्तम संधी आहे, आणि ती बहुतेक जण शहरातल्या शहरात फिरून वाया घालवतात. या काळात एक तरी लांबचा प्रवास करा आणि दुसऱ्या पायरीतल्या रस्त्यावर, जिथे इंटरनेट तुटला होता तिथे, उपग्रह लावून पाहा. ज्या कामासाठी ही सेवा घ्यायची ते काम ती करते का, एवढेच त्यातून कळायला हवे.

चाचणी सुरू आहे की संपली, हे पाहण्यासाठी रेडिओचा ओळख क्रमांक लागतो. वाहिनी शून्यावर नेली की तो पडद्यावर दिसतो. आकडे आणि इंग्रजी अक्षरे यांची सरमिसळ असलेला हा क्रमांक लिहून घेताना गोंधळ होतो, पण त्यात आय, ओ, एस आणि एफ ही अक्षरे वापरलेली नसतात, तेव्हा गोल दिसणारे चिन्ह म्हणजे शून्यच समजावे. वर्गणी या क्रमांकाला, म्हणजे त्या एका रेडिओला जोडलेली असते. घरात दोन गाड्या असतील तर दोन वर्गण्या लागतात, दुसरीवर सवलत मिळू शकते. ही गोष्ट विक्रेता स्वतःहून सांगेलच असे नाही.

चाचणी संपत आली की सवलतीच्या दराचे प्रस्ताव येतात. पहिल्या पत्राला भुलून घाईने कार्ड देऊ नका. काही आठवडे थांबले की पुढचा प्रस्ताव पुष्कळदा अधिक चांगला असतो.

सहावी पायरी: बिल नीट वाचा

सवलतीचा आकडा आणि प्रत्यक्ष कार्डावर पडणारा आकडा यांत तफावत असते. संगीताच्या वाहिन्या असलेल्या पॅकेजवर कंपनी ‘म्युझिक रॉयल्टी फी’ नावाची रक्कम लावत आली आहे आणि ती मूळ दराच्या एक पंचमांशाच्या घरात जाते. हा सरकारी कर नव्हे. तो शुल्काचाच भाग आहे, कर त्यावर निराळा. म्हणून विचारायचा प्रश्न एकच: ‘सर्व शुल्क आणि कर धरून महिन्याला माझ्या कार्डावर किती रक्कम पडेल, आणि सवलत संपल्यावर किती?’ उत्तर बोलण्यातून नव्हे, चॅटवर किंवा ईमेलवर घ्यावे, म्हणजे ते जपून ठेवता येते.

वर्गणी आपोआप पुढे चालू राहते आणि सवलतीचा काळ संपताच पूर्ण दर लागू होतो, हा या व्यवहारातला सर्वांत महत्त्वाचा धोका आहे. रद्द करण्याच्या प्रक्रियेवरून वादही झाले आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलनी सिरियसएक्सएमवर दावा लावला. ग्राहकाला फोनवर किंवा चॅटवर प्रतिनिधीशी लांबलचक बोलायला लावून रद्द करणे अवघड केले जाते, अशी त्यांची तक्रार होती, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने या पद्धतीने संघराज्याच्या ग्राहक कायद्याचा भंग होत असल्याचा निर्णय दिला. कॅलिफोर्नियात ऑनलाइन घेतलेली वर्गणी ऑनलाइनच रद्द करता आली पाहिजे असा कायदा २०१८ पासून लागू आहे. तरीही आपल्या बाजूने खबरदारी घ्यावी: वर्गणी घेतली त्याच दिवशी, सवलत संपण्याच्या दोन आठवडे आधीची तारीख मोबाइलच्या दिनदर्शिकेत टाकून ठेवा. त्या दिवशी चॅट उघडा, ‘मला वर्गणी रद्द करायची आहे’ हे एकच वाक्य ठामपणे लिहा, आणि समोरून नवा दर आल्यास तो पटला तरच घ्या, नाहीतर तेच वाक्य पुन्हा लिहा. संकोच करण्याचे कारण नाही. समोरच्याला याची रोजची सवय असते.

इंटरनेट रेडिओ निवडला असेल तर

खर्च नाही म्हणून तयारी नको असे नाही. आपल्या पसंतीची आठ-दहा केंद्रे ‘ट्यूनइन’ किंवा ‘रेडिओ गार्डन’सारख्या ॲपमध्ये खुणा करून ठेवा आणि गाडी सुरू करण्यापूर्वीच केंद्र लावा. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया यांसारख्या अनेक राज्यांत गाडी चालवताना मोबाइल हातात धरणे हा दंडनीय गुन्हा आहे. नेटवर्क नसलेल्या टप्प्यासाठी पॉडकास्ट आणि गाणी वायफायवर आधीच उतरवून घेतली, तर दुसऱ्या पायरीत सापडलेले बरेचसे खंड भरून निघतात, आणि पुष्कळांच्या बाबतीत उपग्रहाची उरलीसुरली गरजही इथेच संपते.

घरासाठी वेगळा इंटरनेट रेडिओ संच घ्यायचा विचार असेल तर थोडे थांबा. असा संच केंद्रांची यादी कोणत्यातरी कंपनीच्या सर्व्हरवरून घेतो, आणि तो सर्व्हर बंद पडला की चांगला चालणारा संच निकामी होतो. ‘रेसिव्हा’ ही अशी सेवा २०२१ मध्ये बंद झाली तेव्हा निरनिराळ्या कंपन्यांचे कितीतरी संच एकदम मुके झाले. भारतीय वाचकांना वर्ल्डस्पेसची आठवण असेलच: वर्गणी भरून घेतलेले त्यांचे उपग्रह रेडिओ ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातली सेवा थांबल्यावर केवळ शोभेचे उरले. जुना मोबाइल आणि एक बरा ब्लूटूथ स्पीकर एवढ्यावर काम भागत असेल तर वेगळ्या संचावर पैसे घालू नयेत.

वादळाच्या दिवसांसाठी

हवामानाचा इशारा या दोन्हींवर सोडू नये. इंटरनेटचा प्रवाह प्रत्यक्षापेक्षा अर्धा मिनिट किंवा त्याहूनही मागे असू शकतो, आणि चक्रीवादळात वीज गेली की टॉवरही बंद पडतात. उपग्रह चालू राहतो, पण त्याच्या बहुतेक वाहिन्या देशभरासाठी असल्यामुळे तुमच्या काउंटीतला कोणता रस्ता पाण्याखाली आहे हे तिथे कळत नाही. त्यासाठी गाडीतला एएम-एफएम रेडिओ आणि घरात बॅटरीवर चालणारा, १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झवरचा ‘नोआ वेदर रेडिओ’, म्हणजे सरकारी हवामान खात्याचे प्रसारण, पकडणारा संच असावा. दोन्हींना वर्गणी नाही.

गाडी विकताना किंवा राज्य बदलताना

उपग्रह रेडिओ घेतल्यावर एखाद्या दिवशी वाहिन्या अचानक नाहीशा झाल्या तर गाडी मोकळ्या आकाशाखाली उभी करा, रेडिओ चालू ठेवा आणि कंपनीच्या संकेतस्थळावरून ‘रिफ्रेश’ संकेत मागवा. काही मिनिटांत त्या परत येतात. गाडी विकली तरी वर्गणी आपोआप थांबत नाही, कारण कंपनीला विक्री कळण्याचा मार्ग नसतो. किल्ली देण्यापूर्वी शून्य वाहिनीवरचा क्रमांक टिपून घ्या आणि वर्गणी नव्या गाडीकडे वळवा किंवा रद्द करा. जुना क्रमांक बंद झाल्याची ईमेलवरची पोच पुढचे दोन महिने कार्डाच्या हिशेबाशी ताडून पाहा, आणि तोवर ती पुसून टाकू नका.